इंजिन बांधून घ्यावे, बदलावे की गाडीच काढावी?

"साहेब, इंजिन काम काढावे लागेल," हे वाक्य कानावर पडले की बहुतेक गाडीमालक लगेच आकडा विचारतात. त्याआधी 'इंजिन काम' म्हणजे नेमके कोणते काम, हे विचारायला हवे. गॅरेजच्या भाषेत हेड गॅस्केट (सिलिंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) बदलण्यापासून क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) बाहेर काढून सगळे इंजिन नव्याने बांधण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट या दोन शब्दांत बसते, आणि या दोन टोकांच्या खर्चात कित्येक पटींचे अंतर असते. माझ्या दहा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकसाठी पहिल्या गॅरेजने बॉनेट उघडून, पाच मिनिटे आवाज ऐकून ८५ हजारांचा अंदाज सांगितला होता. दुसऱ्या ठिकाणी अर्धा दिवस तपासणी झाली आणि शेवटचे बिल त्याच्या एक तृतीयांशाहून कमी आले. पहिला मेकॅनिक फसवत होता असे मला आजही वाटत नाही. त्याने फक्त काही मोजले नव्हते. गाडी दुरुस्त करावी, इंजिन बांधावे, दुसरे इंजिन बसवावे की गाडीच विकून टाकावी, या चारही वाटा मोजमाप हातात आल्यावरच एकमेकींपासून वेगळ्या दिसू लागतात, म्हणून पुढील लिखाणाचा बराचसा भाग मोजमापाविषयी आहे.

आधी इंजिन बंद करा

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग भाग पुष्कळदा गॅरेज गाठण्यापूर्वीच घडून गेलेला असतो. मे महिन्यात मी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीत तेव्हा साताऱ्याकडे जाणारी वाहतूक जुन्या घाटाने वर चढत असे. बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांच्या वाट्याला होता. दोन मालट्रकांच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून चढत असताना तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकला. घाटमाथा दोनेक किलोमीटरच राहिला आहे, तिथेच थांबू, असे म्हणून मी गाडी रेटली. माथ्यावर पोहोचेपर्यंत काटा लाल पट्ट्याच्या शेवटाला टेकला होता. कूलंट घटणे ही काही शे रुपयांची गोष्ट होती. त्या दोन किलोमीटरांनी गाडीचे हेड वाकवले.

काटा वर जाऊ लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा, कारण हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो, आणि मिळेल त्या पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून चेहरा आणि हात भाजल्याची उदाहरणे दर उन्हाळ्यात घडतात. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणे हीदेखील चूकच, त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

ऑइलच्या लाल दिव्याच्या बाबतीत एवढीही सवलत नाही. बहुतेक गाड्यांमध्ये हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि तोही दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावर, म्हणजे अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली गेल्यावर लागतो. तो लागून राहिला तर बेअरिंगवरची ऑइलची पातळ फिल्म संपत आलेली असते. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' या विचारात क्रँकशाफ्ट खरडला जातो. टोइंगचे पैसे जड वाटतात, पण अनेक विमा पॉलिसींमध्ये रस्त्यावरील मदतीचे कलम आधीच घेतलेले असते आणि ते कोणी उघडून पाहत नाही.

जे इंजिनाचे वाटते, पण नसते

सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग हा जुना आणि अजूनही उपयोगी पुरावा आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. थंडीच्या सकाळी सुरुवातीची दोन-तीन मिनिटे दिसणारी पांढरी वाफ यात धरू नये.

रंगावरून थेट निष्कर्ष काढणे मात्र महागात पडते. टर्बो असलेल्या डिझेल गाडीतला निळा धूर पिस्टन रिंगांमुळे असेल किंवा टर्बोचे सील गेल्यामुळे असेल, आणि दुसऱ्या कारणात इंजिनाच्या पोटाला हात लावण्याची गरज नसते. क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणारी पीसीव्ही झडप तुंबली तरी ऑइल वर फेकले जाते. ती झडप आणि तिची नळी दोन्ही स्वस्त असतात. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना एकदाच निळा भपका मारणारी आणि मग स्वच्छ चालणारी गाडी बहुधा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलकडे बोट दाखवते. काळा धूर आणि गेलेला पिकअप यांच्यामागे तुंबलेला ईजीआर (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारी झडप), फाटलेला इंटरकूलरचा पाइप किंवा बिघडलेला इंजेक्टर असू शकतो. 'मिसिंग' करणारी पेट्रोल गाडी एका इग्निशन कॉइलमुळे तीन सिलिंडरांवर लंगडत असते, आणि तुटलेल्या इंजिन माउंटिंगमुळे हादरणारी गाडी आतून ठणठणीत असते.

ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारा दुधाळ, साबणासारखा थर हाही असाच फसवा पुरावा. कोथरूडहून डेक्कनपर्यंत जाणारी आणि तेवढीच परत येणारी गाडी पावसाळ्यात पुरेशी तापतच नाही, आणि आतल्या दमटपणामुळे झाकणाखाली असा थर जमतो. डिपस्टिकवरचे ऑइलही चहासारखे दिसत असेल आणि कूलंटची पातळी सतत खाली जात असेल, तरच गॅस्केटचा संशय घ्यावा.

ऑइल खाण्याची तक्रार असेल तर आधी खरेच किती खाते ते मोजावे. सपाट जागी, थंड इंजिनात, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटर लिहून ठेवावेत आणि पुन्हा त्याच जागी, त्याच अवस्थेत पाहावे. हजार किलोमीटरला शंभर-दोनशे मिलिलिटर घटणे हे जुन्या गाडीचे वय आहे; त्यासाठी कोणी इंजिन खोलू नये. तेवढ्याच अंतरात लिटरभर लागत असेल तर मात्र पुढच्या चाचण्या कराव्यात.

मोजमाप

पहिली चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची. ती नीट करण्याची पद्धत मालकालाही माहीत असावी, कारण घाईत केलेली चाचणी न केल्यापेक्षा वाईट. इंजिन चालवून गरम केलेले असावे, बॅटरी भरलेली असावी, सगळे स्पार्क प्लग काढलेले असावेत, इंधन आणि इग्निशन तोडलेले असावे, आणि स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय आणि डिझेलमध्ये साधारण ३५० ते ४५० पीएसआय हे निरोगी आकडे समजले जातात. नेमकी मर्यादा त्या त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. एकूण आकड्याइतकेच सिलिंडरांमधले अंतर महत्त्वाचे. चारही सिलिंडर १४५ दाखवत असतील तर इंजिन म्हातारे झाले आहे, इतकेच. तीन १७० आणि एक ११० असेल तर बिघाड एका जागी आहे, आणि ती जागा शोधता येते. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला की थांबून विचार करावा.

कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा दाब घ्यावा. ऑइलमुळे रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजते. दाब चढला तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरच्या भिंतीचा, न चढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. डिझेलमध्ये हे जपून करावे, कारण तिथे दहनकक्ष फार लहान असतो आणि जास्तीचे ऑइल स्वतःच आकडा फुगवते.

दुसरी चाचणी लीक-डाउनची. पिस्टन दाबाच्या फेरीत वरच्या टोकाला आणून त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचे. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडा. इतकी साधी आणि इतके स्पष्ट उत्तर देणारी चाचणी दुसरी नाही. तरी ती सगळीकडे होत नाही, म्हणून गॅरेज निवडतानाच विचारून घ्यावे. ऑइलच्या दाबाची शंका असेल तर डॅशबोर्डच्या दिव्यावर न जाता सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब पाहावा; अनेकदा सेन्सरच मेलेला असतो. जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उघडून पाहणे हेही फुकटात होणारे काम आहे. घड्यांमध्ये चमचमणारे धातूचे कण, विशेषतः तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे सापडले तर बेअरिंग संपत आले आहे. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडेही पाहता येतात.

या सगळ्याला वेगळे पैसे द्यावे लागतात आणि ते द्यावेत. 'इंजिन खोलल्यावर कळेल' हे उत्तर काही प्रसंगी खरे असते, पण खोललेली गाडी दुसरीकडे नेता येत नाही, आणि मग अंदाज जसजसा वाढत जातो तसतसा मालक मान हलवत जातो.

कुठे बिघडले, त्यावर काय करावे

वरचा भाग, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, गॅस्केट, टायमिंग बेल्ट किंवा चेन, आणि खालचा भाग, म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँकशाफ्ट आणि ब्लॉक, अशी ढोबळ विभागणी मनात ठेवावी. वरच्या भागातला बिघाड खालचा भाग शाबूत असेल तर बहुतेक वेळा दुरुस्त करण्याजोगा असतो. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले असतील तरी, पिस्टनला भोक पडलेले नसेल आणि हेड चिरलेले नसेल तर नवे व्हॉल्व्ह, गाइड, सील, बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एवढ्यावर काम भागते.

माझ्या गाडीचे हेड काढले तेव्हा मी तिथेच उभा होतो. मिस्त्रींनी हेड रॉकेलने धुतले, लाकडी फळीवर उलटे ठेवले, कापडाने पुन्हा पुसले आणि त्यावर पोलादी सरळपट्टी आडवी धरली. खाली फीलर गेजची सर्वांत पातळ पाती सरकवून पाहिली, मग दुसरी. ०.१० मिलिमीटरची पाती दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पुलावर अडखळत का होईना, आत गेली. "साहेब, इथे तुमचा घाट आहे," ते म्हणाले. ०.०५ मिलिमीटर ही साधारण चालणारी मर्यादा असते, त्याच्या दुप्पट वाक होता. मग त्यांनी पट्टी ब्लॉकवर ठेवली. तिथे एकही पाती शिरली नाही. सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यातल्या होनिंगच्या (बारीक घासणीच्या) तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. त्या पाच मिनिटांत माझा निर्णय झाला: हेडला लेथवर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे), व्हॉल्व्ह घासून घेणे, नवे गॅस्केट, नवे हेड बोल्ट, खालच्या भागाला हात नाही.

हेड बोल्टविषयी एवढे सांगतो की बऱ्याच आधुनिक इंजिनांचे बोल्ट घट्ट करताना थोडे ताणले जातील अशा हिशेबाने बनवलेले असतात. ते पुन्हा वापरायचे नसतात. 'जुने चांगले आहेत' म्हणून वाचवलेले पैसे सहा महिन्यांनी गॅस्केटमधून बाहेर येतात. फेसिंगलाही मर्यादा आहे. हेड किती उतरवले याचा आकडा लेथवाल्याकडून लिहून घ्यावा, कारण हेड जास्त उतरले की कॉम्प्रेशन रेशो वाढतो आणि इंजिन नॉक करू लागते, म्हणजे आतून ठोके देते. फार तापलेल्या ॲल्युमिनियम हेडला तडा आहे का, हे दाबाखाली पाणी भरून तपासता येते. फेसिंगचे पैसे घालण्यापूर्वी ती तपासणी करावी.

खालच्या भागात गोष्टी बदलतात. रिंगा झिजल्या असतील तर नुसत्या नव्या रिंगा टाकून भागेल का, हे सिलिंडरची झीज ठरवते. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी व्यास घ्यावा. सिलिंडर लंबगोल किंवा निमुळता झाला असेल तर नव्या रिंगा त्यात बसत नाहीत, आणि गाडी महिनाभरात पुन्हा धूर मारते. मग बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन, किंवा नवे लायनर, हा मार्ग उरतो. तुमच्या इंजिनासाठी मोठ्या मापाचे पिस्टन मिळतात का, हे आधी विचारावे. काही आधुनिक इंजिनांना कंपनी ते देतच नाही आणि थेट ब्लॉक बदलायला सांगते. क्रँकशाफ्टच्या जर्नलला (बेअरिंगवर फिरणाऱ्या भागाला) ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून कमी मापाची बेअरिंग घालता येतात, पण ऑइलअभावी निळा पडलेला क्रँक घासून वापरणे हा मला जुगार वाटतो.

ब्लॉकच्या भिंतीतून कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) बाहेर आलेला असेल, ब्लॉक चिरला असेल किंवा क्रँकची बैठकच सरकली असेल, तर बांधण्याची चर्चा संपली. तिथून पुढे दुसरे इंजिन किंवा गाडीची विक्री, एवढेच.

कारण सापडल्याशिवाय पैसे घालू नयेत

माझ्या गाडीत कूलंट कमी झाले की मी सोसायटीच्या नळाचे पाणी भरत असे, आणि आमच्या नळाला उन्हाळ्यात टँकरचे आणि बोअरचे पाणी येते. त्या जड पाण्याचा पांढरा क्षार रेडिएटरच्या नळ्यांमध्ये साठत गेला. सपाट रस्त्यावर ते खपून जात होते, घाटात गेले नाही. रेडिएटर बदलला नसता तर नवे हेडच काय, नवे इंजिनसुद्धा पुढच्या मे महिन्यात त्याच घाटात तसेच तापले असते. ज्या कारणाने इंजिन गेले ते कारण, मग तो थर्मोस्टॅट असो, पंख्याचा रिले असो, ऑइल पंप असो की वेळेवर न बदललेले ऑइल असो, अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर दिसले पाहिजे. ते तिथे नसेल तर अंदाजपत्रक परत करावे.

दुसरे इंजिन बसवायचे असेल तर

इथे तीन प्रकार आहेत आणि गॅरेजमध्ये तिन्हींना 'नवीन इंजिन' म्हणतात. कंपनीचा शॉर्ट ब्लॉक म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडून आलेला खालचा भाग, ज्यावर तुमचेच हेड बसते. लाँग ब्लॉकमध्ये हेडही असते. तिसरा प्रकार भंगारात निघालेल्या गाडीतले वापरलेले इंजिन. पहिले दोन महाग पण अंदाज बांधता येण्याजोगे. तिसरे स्वस्त, आणि त्याचा इतिहास विकणाऱ्याच्या तोंडी असतो.

वापरलेले इंजिन घ्यायचेच असेल तर ते चालू स्थितीत ऐकावे, आणि ते शक्य नसेल तर किमान कॉम्प्रेशन मोजूनच घ्यावे. ऑइलचे झाकण, प्लगची भोके आणि इनटेकचा पाइप यांत मातीचा गाळ दिसला तर ते पुरात बुडालेल्या गाडीतले समजावे. गाडीचे उत्सर्जन मानक तेच असावे. बीएस-चारच्या गाडीत बीएस-तीनचे इंजिन यांत्रिकदृष्ट्या बसले तरी सेन्सर, वायरिंग आणि कागदपत्रे यांचा मेळ बसत नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचे क्रँक सील आणि क्लच प्लेट इंजिन बाहेर असतानाच बदलून घ्यावेत, कारण नंतर त्यांची मजुरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

कागदपत्रांकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसीवर छापलेला असतो, म्हणून ब्लॉक बदलला की आरसी आणि गाडी यांच्यात तफावत पडते. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम ५२ गाडीतील अशा बदलांविषयी आहे. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकरणाची मान्यता लागते आणि बदल आरसीवर नोंदवावा लागतो. एमएच-१२ च्या गाडीसाठी हे काम संगम पुलाजवळच्या आरटीओत, एमएच-१४ साठी पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात. इंजिनाची रीतसर पावती नसेल, किंवा ते ज्या गाडीतून निघाले तिची कागदपत्रे विक्रेता दाखवू शकत नसेल, तर स्वस्ताईला भुलू नये. चोरीच्या गाडीतले इंजिन तुमच्या बॉनेटखाली निघाले तर उत्तरे तुम्हालाच द्यावी लागतील. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर सर्व्हेअर जेव्हा इंजिन क्रमांक पडताळतो तेव्हा ती तफावत उघडी पडण्यात अर्थ नाही.

हिशेब कसा मांडावा

'गाडीची किंमत दोन लाख आणि इंजिनाला एक लाख, मग परवडत नाही' असा हिशेब सर्रास केला जातो. यात एक आकडा विसरलेला असतो: बिघडलेल्या अवस्थेत गाडी आज कितीला जाते. समजा, चालू स्थितीत गाडीला २ लाख ४० हजार येतील, आणि बंद अवस्थेत उचलून नेणारा ८० हजार देतो. दुरुस्तीला ९० हजार लागणार. म्हणजे ९० हजार घालून गाडीची किंमत १ लाख ६० हजारांनी वर येते. इथे दुरुस्ती स्पष्टपणे फायद्याची. दुसरी गाडी चालू स्थितीत १ लाख १० हजारांची, बंद अवस्थेत ५० हजारांची, आणि खर्च तोच ९० हजार. इथे ६० हजारांच्या फरकासाठी ९० हजार जात आहेत, आणि वरचे ३० हजार तुम्ही ती गाडी आणखी काही वर्षे वापरणार आहात म्हणून देत आहात. ती वर्षे तीन असतील तर वर्षाला १० हजार पडतात, आणि दुसऱ्या गाडीच्या हप्त्यांपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

पण ती तीन वर्षे उरलेली गाडी देईल का, हा प्रश्न इंजिनाइतकाच महत्त्वाचा. गाडी लिफ्टवर चढवून चॅसिसचा गंज, चालकाच्या पायांखालच्या कार्पेटखालचा पत्रा, स्टिअरिंग रॅक, सस्पेन्शनचे बुश, गिअरबॉक्सचा आवाज आणि एसीचा कॉम्प्रेसर पाहून घ्यावा आणि पुढच्या दोन वर्षांत येऊ घातलेला प्रत्येक खर्च त्या ९० हजारांत मिळवावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही द्यावा लागतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी इंजिन बांधणाऱ्याने हाही खर्च धरावा. आधी कशावर किती खर्च झाला, हे मात्र हिशेबात घेऊ नये. 'मागच्याच महिन्यात चार टायर टाकले' हे इंजिन बांधण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या टायरांमुळे विक्रीची किंमत थोडी वाढेल, तेवढेच.

डिझेल गाडीच्या बाबतीत मी जरा कठोर होईन. इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप आणि टर्बो हे तिन्ही इंजिन बांधण्याच्या खर्चात धरलेले नसतात, आणि दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत ते रांगेत उभेच असतात. रोज पंचवीस-तीस किलोमीटरही न चालणाऱ्या गाडीसाठी इतका पैसा घालू नये. याउलट, बरीच वर्षे बाजारात राहिलेल्या, रांजणगावच्या कारखान्यातून टाटा आणि फियाट या दोन्ही नावांच्या गाड्यांत गेलेल्या १.३ लिटर मल्टीजेटसारख्या इंजिनांची गोष्ट वेगळी: सुटे भाग नाना पेठेत मिळतात आणि ते बांधणारे हात पुण्यात पुष्कळ आहेत. दुर्मिळ गाडीचा मालक भाग शोधण्यातच थकतो.

पाण्यात गेलेली गाडी

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा पार्किंगमधल्या कित्येक गाड्या बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर 'बघू सुरू होते का' म्हणून स्टार्ट करणे ही त्यातली सर्वांत मोठी चूक. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढावी, गाडी ओढून न्यावी, प्लग काढून पाणी बाहेर फेकावे, ऑइल दोनदा बदलावे आणि मगच पुढे जावे. वाकलेला रॉड कधी कधी गाडी चालू देतो. त्या एका सिलिंडरचा दाब कमी लागतो, कारण पिस्टन पूर्ण वर येत नाही, आणि काही आठवड्यांनी तोच रॉड तुटून ब्लॉक फोडतो. म्हणून पुराच्या गाडीत कॉम्प्रेशनची चाचणी टाळू नये.

नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाणी असताना गाडी सुरू केल्याने झालेले इंजिनाचे नुकसान सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम लागते. झिजून गेलेले इंजिन कोणत्याही पॉलिसीत येत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून वर गेला तर कंपनी गाडी पूर्ण हानीत काढते, आणि मग बांधावे की बदलावे हा प्रश्नच उरत नाही.

काम देताना आणि परत घेताना

अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात सुटे भाग, लेथचे काम, ऑइल-कूलंट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावीत. प्रत्येक भागापुढे कंपनीचा की बाहेरचा, हे नोंदवून घ्यावे. गॅस्केट, रिंगा, बेअरिंग आणि टायमिंगचे भाग नामांकित कंपनीचेच घ्यावेत. नाना पेठेत एकाच भागाच्या तीन किमती ऐकू येतात, आणि सर्वांत कमी किमतीच्या डब्यावरची छपाई जरा जवळून पाहिली की शंका येते. काढलेले जुने भाग परत द्यावेत असे आधीच सांगून ठेवावे. माझ्या जुन्या गॅस्केटवर दोन सिलिंडरांमधली कड काळी पडून खाल्लेली दिसत होती; ती पाहिल्यावर बिलाविषयी काही विचारण्याची गरज उरली नाही.

पूर्ण बांधलेल्या इंजिनाची पहिली हजार किलोमीटर जपून काढावीत, पण जपणे म्हणजे रांगणे नव्हे. विद्यापीठ चौकातल्या कोंडीत तासन् तास रखडणे नव्या रिंगांसाठी वाईट, आणि द्रुतगती मार्गावर एकाच वेगाने मुंबई गाठणेही वाईट. रिंगा सिलिंडरला बसण्यासाठी कमी-जास्त भार लागतो. सकाळी लवकर मुळशी किंवा भोरच्या रस्त्याने, मधल्या आरपीएमवर, गिअर बदलत पन्नास-साठ किलोमीटर करून येणे हे त्यासाठी उत्तम. पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान पहिले ऑइल आणि फिल्टर बदलावा, आणि तो फिल्टर कापून पाहावा. सुरुवातीचे थोडे बारीक कण अपेक्षित असतात, पापुद्रे नसावेत. कूलंटची पातळी पहिले दोन महिने दर रविवारी थंड इंजिनात पाहून पिशवीतल्या वहीत तारखेसह लिहावी. माझ्या वहीत पहिल्या रविवारी ती बोटभर घटलेली आहे, कारण आतली हवा निघून गेली, आणि त्यानंतरच्या सात नोंदी सारख्याच आहेत.